खांद्यावर फुटलेली गोळी

गोळी मांसात शिरली की तिचा आवाज वेगळा येतो. आधी रायफलीचा कडाका, आणि पाठोपाठ ओल्या गोधडीवर काठी हाणल्यासारखा धप्प. गोळी चिखलात किंवा झाडात गेली तर हा धप्प येत नाही. डाग्नी नेस्लुंदला हा फरक तिच्या बापाने ती नऊ वर्षांची असताना शिकवला होता आणि आता ती चोपन्न वर्षांची होती. त्यामुळे सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला शेजारच्या ठिय्यावरून बार झाला आणि मागोमाग तो धप्प आला, तेव्हा तिला शंकाच उरली नाही. मूसला, रानातल्या त्या घोड्याएवढ्या हरणाला, गोळी लागली होती.

मग वॉकीटॉकी खरखरली. तिचा धाकटा भाऊ स्तूरे बोलत होता.

"चुकला. नर होता, मोठा. लागलाच नाही."

डाग्नीने बटण दाबलं. "स्तूरे, लागलाय. मी ऐकलं."

"तुला काय ऐकू येतंय चारशे मीटरवरून! मी जाऊन बघितलं. रक्त नाही, केस नाही. काही नाही."

"बघितलंस? अजून रायफलीच्या धुराचा वास गेला नसेल आणि तू बघूनही आलास?"

तेवढ्यात म्हाताऱ्या यॉस्ताचा आवाज मध्ये आला. यॉस्ता त्यांच्या शिकारगटाचा पुढारी. चौऱ्याहत्तर वर्षांचा, भांडणाचा कंटाळा असलेला माणूस. "डाग्नी, त्याने बघितलंय म्हणतोय ना, मग विषय संपला. कुत्री पुढे गेलीत. आपापल्या जागी बसा."

डाग्नी बसली. पण बसल्या जागी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुपारी पाऊस सुरू झाला आणि रात्रभर पडला. रक्ताचा थेंबन् थेंब तो धुऊन नेतोय आणि त्याच्याबरोबर माग काढायची आशाही, हे कळत असताना ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. तिची राखाडी कुत्री तुस्सा दारापाशी पडून तिच्याकडे बघत होती.

डाग्नीचं पोट शाळेच्या स्वयंपाकघरावर चाले. वेस्टानबेकच्या शाळेत एकवीस वर्षं ती नव्वद मुलांसाठी मासे तळत आणि बटाटे उकडत आली होती. पण उत्तरेकडच्या येम्टलँड प्रांताच्या ह्या भागात तिचं नाव निघे ते मागासाठी. कुणाच्या गोळीने जनावर जखमी होऊन पळालं की फोन डाग्नीला. सव्वीस वर्षांत तिने तीनशेच्या वर जखमी मूस हुडकले होते. लोक गोळी मारत आणि घरी जाऊन कॉफी पीत. ती मात्र लांब दोरीला बांधलेल्या कुत्रीमागे दलदलीतून, पडलेल्या झाडांतून, डोक्यात शिरणाऱ्या मूसमाश्यांना शिव्या घालत जाई. त्यामुळे कुठल्या बोअरची, म्हणजे किती जाड नळीची, आणि किती वजनाची गोळी जनावराच्या आत जाऊन काय करते, हे तिने पुस्तकात नाही, कापलेल्या मांसात पाहिलं होतं. निळं पडलेलं मांस, चुरा झालेली बरगडी, पोट फुटून बाहेर आलेला हिरवा पाला. ह्या विषयावर गप्पा ठोकणारे पुरुष समोर आले की तिचं डोकं फिरे, त्याचं कारण हेच.

आणि शिकारखोपीत दुसऱ्या गप्पा नसतच. टेबलाच्या एका टोकाला नऊ-तीनवाले, म्हणजे नऊ पूर्णांक तीन मिलिमीटर नळीच्या रायफलीवाले. त्यांची गोळी अठरा ग्रॅमची, अंगठ्याएवढी. मध्ये तीस-शून्य-सहावाले, ती म्हणजे गावाची नेहमीची रायफल. आणि कोपऱ्यात एकटी डाग्नी, बापाची साडेसहाची जुनी रायफल घेऊन. ह्या भांडणाला तीस वर्षं झाली होती आणि एकाचंही मत बदललं नव्हतं.

स्तूरे परत आला आणि भांडणाला धार चढली. स्तूरे डाग्नीपेक्षा दोन वर्षांनी लहान. अठराव्या वर्षी तो सुंदस्वालला गेला, कागदाच्या गिरणीत चढत चढत साहेब झाला, आणि बाप वारल्यावर तीन वर्षांपूर्वी गावी परतला. बापाने जंगल त्याच्या नावावर केलं होतं. चारशे हेक्टर, गटाच्या शिकारीच्या रानाचा निम्मा भाग. त्या भागात ज्याची जमीन त्याचा शिकारीचा हक्क. डाग्नीला मिळाली रायफल. म्हणजे ज्या रानातला दगडन् दगड ती ओळखत होती, त्या रानात ती गटाच्या मेहेरबानीने बसत होती, आणि तिचा भाऊ मालक म्हणून. ह्याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी ऑगस्टात स्तूरेने नवी रायफल आणली. खोपीतल्या टेबलावर, दालचिनीच्या पावांचं ताट सरकवून, त्याने ती ठेवली. तीनशे मॅग्नम, आणि वर बाटलीएवढी जाड दुर्बीण.

"सेकंदाला हजार मीटर," तो म्हणाला. "गोळी पावणेदहा ग्रॅमची. अशी सपाट जाते की तीनशे मीटरवरही नेम वर धरायला नको."

"तीनशे मीटर?" डाग्नी म्हणाली. "तुझ्या ठिय्यावरून साठ मीटरच्या पलीकडे दिसतं काय तुला? बाकीचं अंतर काय पोस्टाने पाठवणार आहेस?"

सगळे हसले. स्तूरेचे कान लाल झाले. "तुझ्या त्या साडेसहाने डास मार तू."

"ह्या साडेसहाने बाबांनी एकशे चौदा मूस पाडले."

"तुझी गोळी दहा ग्रॅमची, माझी पावणेदहा. पाव ग्रॅमवरून काय गाव डोक्यावर घेतेस?"

डाग्नीने खिशातून आपलं काडतूस काढलं आणि त्याच्या काडतुसाशेजारी उभं केलं. "बघ नीट. ही नळी बारीक, म्हणून दहा ग्रॅमची गोळी लांबुळकी होते, खिळ्यासारखी. सावकाश जाते पण आत आत जाते. दोन्ही फुप्फुसं भेदून पलीकडे निघते. जनावर शंभर पावलं चालतं आणि बसतं. तुझी नळी जाड. तिच्यात तेवढ्याच वजनाची गोळी म्हणजे बुटका, फुगीर गोळा. वर त्याला हजाराचा वेग. जवळून खांद्याच्या हाडावर बसली की कपासारखी फुटेल. मोठा बोअर मिरवायचाच असेल तर निदान वजनदार गोळी घे. बारा-तेरा ग्रॅमची."

"दुकानदार म्हणाला—"

"दुकानदार माग काढायला येणार आहे का? आणि आधी बघ, तो धक्का तुझ्या खांद्याला सोसतो का."

"माझ्या खांद्याची काळजी तू करू नकोस."

तो विषय तिथेच राहिला. दोन आठवड्यांनी नेमबाजीच्या मैदानावर गटाची दरसालची परीक्षा झाली. रुळांवरून सरकणाऱ्या लाकडी मूसवर गोळ्या मारायच्या, आणि उत्तीर्ण झाल्याच्या कार्डावर परीक्षक म्हणून सही डाग्नीची. स्तूरे रिकाम्या हाताने आला. "दुर्बीण अजून जुळवायची आहे, तुझी दे जरा," म्हणाला. बापाच्या साडेसहाने त्याने बऱ्यापैकी गोळ्या मारल्या. डाग्नीने सही केली.

त्या मंगळवारनंतर बुधवारी पहाटे पाऊस थांबला. डाग्नीने कुणाला विचारलं नाही. तुस्साला गाडीत घातलं, थर्मास भरला, आणि स्तूरेच्या ठिय्यापाशी गेली. मूस कुठे उभा असेल ते तिने अंदाजाने ठरवलं आणि गुडघे टेकून शेवाळ चाचपू लागली. वीस मिनिटांत तिला केस सापडले, गोळीने कापलेले, आखूड. मग तांब्याची एक चीप, नखाएवढी. मग हाडाची कपची. ठिय्यापासून अंतर पंचेचाळीस पावलं.

तिने ती कपची तळहातावर घेतली. एक तर ह्याने येऊन पाहिलंच नव्हतं. किंवा पाहिलं होतं. दोन्हीतलं काय जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना. दात-ओठ खात तिने ते सगळं रुमालात बांधलं आणि तुस्साला वास दिला.

पाण्याने माग धुतला होता, तरी कुत्रीच्या नाकाला काहीतरी लागत होतं. तीन पायांवर चाललेल्या जनावराचे ठसे दलदलीच्या कडेला दिसले. चौथ्या पायाची नुसती फरफट. बारा तास ती चालली. संध्याकाळी एका ओढ्यापाशी माग तुटला. गुरुवारी ती पुन्हा तिथूनच सुरू झाली, आणि दुपारी बाराच्या सुमाराला तुस्साने दोरी ताणली आणि अंग चोरून उभी राहिली.

दाट कोवळ्या पाइनमध्ये नर बसला होता. जिवंत होता. उजवा खांदा भोपळ्यासारखा सुजला होता, वरची कातडी उघडी पडून काळी झाली होती, आणि माश्या त्यात घर करून होत्या. शेजारच्या फांदीवर दोन डोमकावळे वाट बघत होते. नराने मान वळवून डाग्नीकडे पाहिलं. उठायचा प्रयत्न केला, पुढचा पाय दुमडला, आणि तो पुन्हा खाली बसला. दोन दिवस आणि चार तास झाले होते.

डाग्नीने पंधरा मीटरवरून मानेत गोळी घातली. मग ती त्याच्याजवळ बसली आणि मोठमोठ्याने शिव्या देऊ लागली. भावाला, यॉस्ताला, त्या दुकानदाराला, मेलेल्या बापाला. तुस्सा घाबरून दोरीच्या टोकापर्यंत लांब गेली.

यॉस्ता ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. त्याने वास घेतला आणि मान हलवली. मांस गेलं होतं. दोनशे किलो मांस, बारा घरांचा हिवाळा, खड्ड्यात.

"कशाला उकरलंस हे?" तो हळूच म्हणाला.

"उकरलं? यॉस्ता, तो जिवंत होता!"

यॉस्ताने खाली बघितलं. डाग्नीने सुरी काढली, सुजलेला खांदा कापून फऱ्याचं हाड मोकळं केलं, आणि ते पिशवीत घातलं.

शनिवारी सकाळी गट खोपीत जमला. आठवड्याचा हिशोब, कोणत्या रानात किती जनावरं, वगैरे. शेगडीवर कॉफी उकळत होती. डाग्नी आली, दार उघडं ठेवून टेबलापाशी गेली, आणि कपांच्या मधोमध ते हाड ठेवलं. रात्रभर उकळून तिने ते पांढरं स्वच्छ केलं होतं. मध्ये भोक नव्हतं. एक खळगा होता, त्याभोवती चिरा, आणि चिरांत अडकलेली तांब्या-शिशाची भुकटी.

"ही पावणेदहा ग्रॅमची गोळी," ती म्हणाली. "बोटभरसुद्धा आत गेली नाही. हाडावर आपटली आणि फुटली. पंचेचाळीस पावलांवरून. बघून घ्या सगळ्यांनी. स्तूरे, तू पण बघ. हे तुझं न लागलेलं जनावर."

स्तूरेने कप खाली ठेवला. "माझ्या रानात तू कुणाला विचारून शिरलीस?"

"काय म्हणालास?"

"माझी जमीन आहे. कुणाला विचारून?"

डाग्नीच्या अंगाचा तिळपापड झाला. "दोन दिवस तो तिथे माश्यांना खाऊ घालत बसला होता आणि तू मला जमिनीचे कागद दाखवतोस? तू खाली उतरून बघितलंस तरी होतंस का?"

"बघितलं."

"मग केस दिसले नाहीत? हाड दिसलं नाही? नव्वद मुलांच्या ताटातला एक काटा मला दिसतो, आणि तुला—"

"दिसलं!" स्तूरे ओरडला. "दिसलं होतं. झालं समाधान?"

शेगडीवरची कॉफी उतू गेली आणि तरी कुणी उठलं नाही.

मग यॉस्ता बोलला, आणि बोलला ते नेमकं डाग्नीला. "त्याच्या कार्डावर सही कुणाची आहे, डाग्नी?"

हा घाव वर्मी बसला. "माझी," ती म्हणाली. "मी चुकले. ज्या रायफलीने शिकार करायची तिनेच परीक्षा द्यायची, हे मी म्हणायला हवं होतं. म्हणून आज परत परीक्षा. आत्ता. त्याच्या रायफलीने. चला सगळे."

स्तूरेने नाही म्हणावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण अकरा माणसं बघत असताना स्तूरे नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. "चल," तो म्हणाला. "तीन गोळ्या."

मैदान दोन किलोमीटरवर. स्तूरे टेकणावर रायफल ठेवून बसला. लाकडी मूस ऐंशी मीटरवर, स्थिर. डाग्नी त्याच्यामागे उभी राहून काडतुसं एकेक करून स्वतः भरत होती, त्याला दिसणार नाहीत अशी. पहिला बार कडाडला. गोळी मूसच्या पोटाखालून मातीत. "हूं," स्तूरे म्हणाला, "टेकण हललं." डाग्नीने दुसरं काडतूस भरलं. ते पोकळ होतं; दारू नाही, काही नाही, सरावासाठीचं. स्तूरेने नेम घेतला, श्वास रोखला, चाप ओढला.

नुसतं टिक् झालं. आणि बार न होताच रायफलीची नळी वीतभर खाली आपटली. स्तूरेचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते, खांदा कानापर्यंत वर गेला होता, आणि चेहरा मार खाणाऱ्या माणसासारखा झाला होता. हे सगळ्यांनी पाहिलं. एरवी गोळीच्या आवाजात आणि धक्क्यात हे झाकलं जातं. आता झाकायला काही नव्हतं.

नऊ-तीनवाला रुने फस्सकन हसला. "अरे, ही रायफल तर नमस्कार करतेय मूसला!"

डाग्नी त्याच्याकडे गर्रकन वळली. "तू तोंड बंद कर! गेल्या वर्षी तुझाही बार पोटात बसला होता आणि मीच रात्री नऊपर्यंत हिंडत होते. तुझीही परीक्षा घेऊ का पोकळ काडतुसाने? ये, बस. ये ना!"

रुने आला नाही. पण स्तूरे उठला होता. "त्याला कशाला गप्प करतेस?" तो बहिणीला म्हणाला. "तू पण हस. तेव्हा हसली होतीस."

"कधी?"

"कधी, म्हणे! हे बघ." त्याने उजव्या भुवईवर बोट ठेवलं. तिथे एक जुना पांढरा व्रण होता, अर्धचंद्रासारखा. "मी बारा वर्षांचा होतो. बाबांनी मला ती मोठी नऊ-तीन दिली. म्हणाले, मार, मर्दा. दुर्बीण डोळ्यावर बसली, रक्त इथून इथपर्यंत. मी रडलो. बाबा हसले, तू हसलीस. महिनाभर घरात तीच मस्करी चालली होती. त्यानंतर मी कधी डोळे उघडे ठेवून बार केलेला नाही. चाळीस वर्षं."

"मग मोठी रायफल कशाला घेतलीस, मूर्खा?"

"म्हणूनच घेतली!" स्तूरे म्हणाला. रायफल तशीच टेकणावर टाकून तो गाडीकडे गेला, निम्म्यावरून परत आला, रायफल घेतली, आणि निघून गेला.

डाग्नीला ते आठवत होतं. व्रण तिने चाळीस वर्षं पाहिला होता. हसणं मात्र तिने सोयीने विसरून टाकलं होतं. तिला वाटलं होतं की आता राग उतरेल. उतरला नाही. फक्त आता तो ठेवायला एकही जागा राहिली नव्हती. बाप कबरीत होता, तिथे जाऊन ओरडणार काय? आणि तो नर तर तीन पायांवर दोन दिवस चालला होताच. भुवईचा व्रण दाखवून ते भरून निघणार होतं थोडंच? रविवारी रात्री तिने शाळेसाठीचं पीठ मळलं ते इतकं जोरात की दुसऱ्या दिवशी पाव दगडासारखे झाले.

आठ दिवसांनी यॉस्ताला पत्र आलं. स्तूरे नेस्लुंदने आपलं चारशे हेक्टर रान गटातून काढून घेतलं होतं. कुणीही पाय ठेवायचा नाही. गटाचं रान निम्म्यावर आलं, आणि मारायला मिळणाऱ्या जनावरांचा वाटाही.

मग गाव डाग्नीवर उलटलं. "हाड टेबलावर आणून आपटायची काय गरज होती?" रुनेची बायको दुकानात तिला ऐकू जाईल अशी म्हणाली. "घरातलं भांडण घरात मिटवायचं. आता सगळ्यांच्या फ्रीजरची वाट लागली." यॉस्ता घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला, आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "जा ना त्याच्याकडे. दोन गोड शब्द बोल."

"कसले गोड शब्द? तुझ्या अंगात ताकद असती तर त्या मंगळवारीच तू त्याला म्हणाला असतास, थांब, डाग्नी येऊन बघेल. तेवढं एक वाक्य. दोन तासांत मूस सापडला असता. तो मालक आहे म्हणून तू गप्प बसलास, यॉस्ता. माझा भाऊ भित्रा आहे हे त्याला तरी ठाऊक आहे. तुला तेही ठाऊक नाही."

यॉस्ता टोपी घालून उठला. दारात थांबून म्हणाला, "तुझं खरं आहे. पण खरं बोलताना तू माणसाला उभं राहायला जागा ठेवत नाहीस."

हे तिला झोंबलं. उत्तर तिला दुसऱ्या दिवशी सुचलं, पण तोवर यॉस्ता समोर नव्हता.

त्या हिवाळ्यात तिला गटातून एकही फोन आला नाही. दुसऱ्या गावांतून आले, ती गेली. ऑक्टोबरच्या शेवटी शेजारच्या गावच्या एका पोरसवदा डॉक्टरणीने आपण होऊन फोन केला होता: गोळी मागे पोटात बसलीय बहुतेक, मला लाज वाटतेय, पण या. डाग्नीने तिला एकही वाकडा शब्द ऐकवला नाही. मूस दीड तासात सापडला. घरी येताना गाडीत तिला पुन्हा राग आला. एवढंच तर होतं! एक फोन!

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर ती मैदानावर लाकडी मूसचे रूळ साफ करत होती. गाडी थांबली. स्तूरे उतरला. बारीक झाला होता. डाग्नीने पाना हातातच ठेवला.

"विकली मॅग्नम," तो म्हणाला.

"कुणाला?"

"उमेओच्या एका माणसाला."

"त्याला सांगितलंस का, गोळी जड घे म्हणून?"

"सांगितलं. तेरा ग्रॅम." तो म्हणाला, "तुझं भाषण पाठ आहे मला."

"आणि त्या नराचं काय?"

"काय म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला माहीत आहे. खोपीत ओरडलास ते मला उत्तर द्यायला. तसं नको. नीट सांग."

"ठिय्यावरून उतरलो," तो म्हणाला, "केस दिसले. हाडाचा तुकडा दिसला. तो शेवाळात पायाने दाबला. मग तुम्हाला म्हणालो, चुकला. दुपारी पाऊस पडायला लागला तेव्हा मला बरं वाटलं. हे सांगायला आलो होतो. बरं वाटलं मला."

डाग्नीला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरोखर हात उचलला गेला, पान्यासकट. मग तिने पाना खाली ठेवला, शेडमध्ये गेली आणि पोरांच्या शिकवणीची छोटी रायफल घेऊन आली. पेन्सिलीएवढी नळी, वाटाण्याएवढी गोळी, धक्का असा काही नाहीच.

"ही?" स्तूरे म्हणाला.

"ही. शंभर गोळ्या. प्रत्येक गोळीला डोळे उघडे. मिटलेस की पुन्हा एकपासून."

"मी त्रेपन्नचा होणार आहे, डाग्नी."

"मग लवकर सुरू कर."

सतराव्या गोळीला त्याने डोळे मिटले. मग नवव्या. मग एकतिसाव्या. दर वेळी ती ओरडत होती आणि दर वेळी तो रायफल ठेवून शिव्या देत होता. दुपारपर्यंत त्यांनी बापाचा, जमिनीचा, आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं ह्याचा, सगळ्याचा पाढा वाचून घेतला. "हसले, ते चुकलं माझं," असं डाग्नी मध्येच एकदा म्हणाली, तेही ओरडूनच, आणि "खांदा सैल सोड" हे त्याच दमात. शंभर त्या दिवशी पुऱ्या झाल्या नाहीत. जूनमध्ये झाल्या.

ऑगस्टात रान गटात परत आलं. परीक्षेत आता प्रत्येकाने आपापल्या रायफलीने गोळ्या मारायच्या, आणि डाग्नी मधूनच एक पोकळ काडतूस भरणार, असा नियम यॉस्ताने मांडला आणि तोंड वाकडं करत सगळ्यांनी मान्य केला. रुनेची नळी खाली गेली. तो सहा आठवडे डाग्नीशी बोलला नाही. स्तूरेने त्या साली रायफल घेतलीच नाही. तो हाकाऱ्यांबरोबर कुत्री घेऊन चालला, चिखलात कमरेपर्यंत बुडाला, आणि मोठ्या आवाजात त्याबद्दल तक्रार करत राहिला.

ठिय्यांच्या वाटपात रुनेने आणि आणखी चौघांनी मिळून डाग्नीला विजेच्या तारांखालची उघडी जागा दिली, जिथून गेल्या दहा वर्षांत कुणाला काही दिसलं नव्हतं. पाच दिवस ती तिथे बसली. सहाव्या दिवशी सकाळी बापाची साडेसहा खांद्याला अडकवून ती थेट यॉस्ताच्या दारात उभी राहिली, आणि कॉफी घेणार का असं त्याने विचारायच्या आत तिने भांडायला सुरुवात केली.